हिंवाळ्यांतील किनाऱ्याची पाहणी : पाखरें, खारीं झाडें व आपला बांध

शेतकरी मनुष्य विनाकारण हिंडत नाहीं, आणि जो हिंडतो त्याच्या शेतांत कांहीं पिकत नाहीं, असा समज आपल्या समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. त्यामुळें समुद्रकांठानें किंवा खाडीच्या बांधानें पाखरें व रानझाडें पाहत फिरणें हें शहरच्या रिकाम्या लोकांचें काम, असें पुष्कळांस वाटतें. ज्यांच्या जमिनी खाडीकांठीं आहेत त्यांस हा समज नुकसानीचा आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भाताची झोडणी आटोपून माळव्याच्या जमिनींत वाल व पांढरा कांदा उभा असतो, त्या कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत किनारा जितकें सांगतो तितकें वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळांत सांगत नाहीं. पावसाळ्यांत मातींतील खार धुवून जातो, उन्हाळ्यांत बरें-वाईट सर्वच करपतें. हिंवाळ्यांत मात्र मिठाचें पाणी शेतांत कोठवर शिरलें आहे हें झाडांवरून, आणि खाडीचा चिखल सकस आहे किंवा नाहीं हें पाखरांवरून ओळखतां येतें.

उदाहरणादाखल आम्ही रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील, अलिबाग तालुका घेतों. या एका तालुक्यास दोन प्रकारचे कांठ आहेत. पश्चिमेस किहीम, अलिबाग, आक्षी, नागांव, रेवदंडा असा उघड्या समुद्राचा वाळूचा किनारा; आणि पूर्वेस शहापूर-धेरंडच्या बाजूस धरमतर खाडीचा चिखलाचा कांठ, व त्याच्यामागें बांध घालून समुद्रापासून मिळविलेली खार जमीन. दोन्ही कांठ एका दिवसांत पाहून होतात. ठाणें, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील वाचकांस आपापल्या गांवीं हेंच चित्र थोड्या फरकानें दिसेल. गोव्यांत अशा जमिनीस खाजन व पाणी सोडण्याच्या दारास मानस म्हणतात. आपल्याकडे त्या दारास उघाडी म्हणतात. नांवें निराळीं, परंतु व्यवहार एकच.

वेळ कशी निवडावी

किनाऱ्यावर जाण्याची वेळ घड्याळापेक्षां तिथीवरून ठरवावी. कोळी लोकांचा जुना हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणून तीन वाजतां भरती, व तेथून सुमारें सहा तासांनीं, म्हणजे नऊ वाजतां, ओहोटी. अष्टमीस सहा वाजतां भरती व बारा वाजतां ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस भरती बाराच्या आसपास येते. मुंबई-अलिबागकडे हा हिशेब बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधीं येते. पाण्याचा चढउतारही दक्षिणेस कमी होत जातो. मुंबईकडे मोठ्या उधाणास तो सुमारें पांच मीटर असतो, तर गोव्याकडे दोन मीटरांच्या जवळपास. मुंबईकडील खाड्यांच्या बांधांवर जोर अधिक कां पडतो, याचें एक कारण येथें आहे.

पाखरें पाहण्यास द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस चांगले. त्या दिवसांत सकाळीं साडेसात ते नऊच्या दरम्यान ओहोटी पुरी होऊन पाणी परत फिरतें, आणि दूरवर पांगलेलीं पाखरें चढत्या पाण्याबरोबर आपल्या बाजूस सरकत येतात. आपण एके जागीं स्वस्थ बसावें, म्हणजे तीं होऊन जवळ येतात. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचें ऊन पाठीमागून पडतें, त्यामुळें रंग स्पष्ट दिसतात. धरमतर खाडीच्या बांधावर त्याच कारणासाठीं तिसऱ्या प्रहरीं जावें. बांधाची गळती पाहावयाची असेल तर मात्र पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांतील भरती गांठावी. कारण उधाणाचें पाणी त्या वेळीं सर्वांत वर चढतें.

वाळूवरील हद्द

आक्षी-नागांवच्या वाळूवर समुद्राकडून गांवाकडे येऊं लागलें म्हणजे पहिली वनस्पति भेटते ती मर्यादवेल. दोन पाळ्यांचें, आपट्यासारखें पान, जांभळें फूल व दूरवर धांवणारा दोरासारखा वेल, अशी तिची खूण. तिचें नांव कोणी ठेविलें असेल तें असो, पण महसुली दृष्टीनें तें फार नेमकें आहे. भरतीचें पाणी नेहमीं जेथवर येतें त्याच्या लगत वरच्या बाजूस ती पसरते. म्हणून समुद्राची व जमिनीची हद्द तीच दाखविते. तिच्या मागें रावणाच्या मिशा नांवाचें टोंचणारें गवत व त्याच्या मागें केवडा, उंडी, भेंडी हीं झाडें येतात. वेल व गवत मिळून वाऱ्यानें उडणारी वाळू अडवून धरितात, आणि त्या वाळूचा उंचवटा मागील नारळी-पोफळीच्या बागांस समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा देतो. उंडीच्या बियांचें तेल पूर्वी दिव्यास व होड्यांस वापरीत. आज सुरूची लागवड सर्वत्र दिसते. तें झाड परदेशांतून आणलेलें असून वारा अडविण्यास उपयोगी आहे, परंतु जमिनीलगत वाळू धरून ठेवण्याचें वेलीचें काम तें एकटें करूं शकत नाहीं.

अलीकडे आमच्या पुष्कळ बागाईतदार बंधूंनीं पाहुण्यांसाठीं खोल्या बांधिल्या आहेत. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु समुद्र नीट दिसावा म्हणून वाटेंतील मर्यादवेल उपटून वाळू सपाट करणें म्हणजे स्वतःच्या बागेचें कुंपण स्वतःच काढणें होय. वेल गेली कीं वाळू हलते, आणि वाळू हलली कीं खारें पाणी आंत येतें.

याच वाळूवर हिंवाळ्यांत कुरवांचे थवे उतरतात. तपकिरी डोक्याचा कुरव व काळ्या डोक्याचा कुरव असे त्यांचे दोन प्रकार आपल्याकडे नेहमींचे आहेत. नवख्या मनुष्याचा येथें घोटाळा होतो, कारण मार्गशीर्ष-पौषांत दोघांचींही डोकीं पांढरीं असतात व डोळ्यामागें काळसर ठिपका तेवढा दिसतो. फाल्गुनाच्या सुमारास डोकें गडद होऊं लागतें. तो रंग चढला कीं पाहुण्यांची निघण्याची तयारी झाली असें समजावें. तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट व मध्य आशियांतील सरोवरांकडून येतात, आणि पिलें वाढविण्यास तिकडेच परत जातात.

चिखलांतील वांटणी

ओहोटीनें उघड्या पडलेल्या चिखलावर दहा जातींचीं पाखरें एकत्र चरतांना पाहून वाटतें कीं आतां यांची मारामारी होणार. ती होत नाहीं, कारण त्यांची वांटणी निसर्गानें आधींच करून दिली आहे, आणि ती चोंचीच्या लांबीवर ठरली आहे. टिलव्याची चोंच दोन सेंटीमीटरांच्या जवळपास. तो वरच्या थरांतील बारीक कृमि टिपतो. लाल पायांची व हिरव्या पायांची तुतारी त्याहून खोल जाते. कोरल पक्ष्याची खालीं वांकलेली चोंच पंधरा सेंटीमीटरांच्या आसपास. ती खेंकड्याच्या बिळांत शिरते. चिखल्या नांवाचा आंखूड चोंचीचा पक्षी चोंच खुपसून शोधीत नाहीं; तो डोळ्यांनीं पाहतो, चार पावलें धांवतो, थांबतो व टिपतो. एकाच सर्व्हे नंबरांतील चार हिस्सेदार तंटा न करितां कसे नांदतात, हें पाहावयाचें असेल तर ओहोटीच्या वेळीं खाडीवर जावें.

टिलवे उत्तर सैबेरियांतील बर्फाळ प्रदेशांत अंडीं घालतात, आणि श्रावण-भाद्रपदापासून आपल्याकडे येऊं लागतात. येथें खाऊन अंगीं सांठविलेल्या चरबीच्या बळावर त्यांस चैत्राच्या सुमारास हजारों किलोमीटरांचा परतीचा प्रवास करावयाचा असतो. म्हणून चिखलावर कुत्रीं सोडणें, वाळूवरून मोटारी पळविणें, थवा उडवून गंमत पाहणें हें सर्व त्यांच्या शिदोरींतून घांस काढून घेण्यासारखें आहे. फांसे लावून तीं धरणें तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें गुन्हाच आहे.

शेतकऱ्यास यांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जेथें वर्षानुवर्षें लांब व आंखूड अशा सर्व चोंचींचीं पाखरें उतरतात, तेथील चिखल वरपासून खालपर्यंत सकस असतो. तेथें निवटी व चिंबोरी असतात, मासळीचीं पिलें वाढतात, आणि कांठास तिवरांची रांग धरलेली असते. पाखरें एकाएकीं कमी होऊं लागलीं तर चिखलांत भराव, तेल किंवा दुसरी कांहीं घाण येते कीं काय, इकडे लक्ष द्यावें. ठाणें खाडींत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे येतात, म्हणून तेथें २०१५ सालीं अभयारण्य जाहीर झालें व २०२२ सालीं त्यास रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. आपल्या गांवच्या खाडीस असें नांव मिळालें नाहीं, तरी तिचा चिखल त्याच कामाचा आहे.

बांधाच्या बाहेर मित्र, आंत आला तर इशारा

आतां मुख्य विषयाकडे वळतों. खार जमिनीचा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहे. कुलाब्यांत पूर्वी शिलोत्रदार बाहेरचे बांध राखीत व त्याबद्दल धान्य घेत. पुढें १९४८ सालीं मुंबई खार जमीन कायदा व १९७९ सालीं महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम झाला, आणि मोठ्या योजनांचे बांध सरकारी देखरेखीखालीं आले. परंतु कायदा कोणताही असो, बांधास पडलेलें पहिलें भोंक ज्याचें शेत लागून आहे त्यालाच आधीं दिसतें. आणि त्याला तें दिसावें म्हणूनच हा लेख आहे.

बांधाच्या बाहेर चिखलांत तिवर उभा असतो. त्याचीं श्वासमुळें चिखलांतून खुंट्यांसारखीं वर आलेलीं असतात. त्याच्या पानावरून बोट फिरवून जिभेस लावावें, खारट लागतें. कारण शोषलेलें मीठ तो पानावाटे बाहेर टाकितो. त्याच्या सोबत कांदळ व चिप्पी असतात. पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं राज्य कांदळवृक्षाचा मान दिला आहे. गेवा नांवाचें झाड मात्र दुरूनच पाहावें. त्याचा चीक डोळ्यांस फार घातक आहे. हीं सर्व झाडें लाटेचा जोर मोडितात व गाळ धरून ठेवितात. ज्या बांधापुढें तिवरांची रांग दाट आहे त्यास लाटेचा मार कमी बसतो; जेथें सरपणासाठीं ती तोडली तेथें बांध उघडा पडतो.

बांधाच्या बाहेरील उतरणीवर मोरस व धापा हीं रसाळ पानांचीं झुडपें असतात. मोरसाचें पान बोटांत दाबलें तर पाणी निघतें. खारांत जगण्यासाठीं त्यानें तें सांठविलेलें असतें. जरा वर कांटेरी पानांची, निळ्या फुलांची मारांडी आणि माथ्यावर खाकण व वनजाई. बांध उतरून आंत गेलें कीं हें सर्व संपलें पाहिजे, आणि भाताच्या खाचरांच्या कडेस माका, भांबुर्डा अशीं गोड्या मातीचीं झुडपें लागलीं पाहिजेत. भांबुर्डा तर पोपटी लावणाऱ्या कोणाही अलिबागकरास वासावरून ओळखतां येईल.

हा क्रम जेथें मोडला तेथें थांबावें. खाचराच्या बांधालगत धाप्याची एक लोळण किंवा मोरसाचें एक झुडूप आंतल्या बाजूस दिसलें, तर खारें पाणी झिरपत आहे असें समजावें. पाऊस थांबल्यावर मातींतील ओलावा वर येऊन उडून जातो व मीठ मागें राहतें; म्हणून कार्तिकांत साधी दिसणारी जमीन पौषांत चिवट होते व फाल्गुनांत पांढरी फुलते. एकच शेत या तीन महिन्यांत तीनदां पाहिलें म्हणजे खार कोणत्या बाजूनें चढतो तें कळतें. धरमतरकांठच्या एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर आम्ही एकदां बांध पाहत होतों. खांड कोठें पडणार हें तुम्हांस आधीं कसें कळतें, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “भाऊसाहेब, बांध तोंडानं बोलत नाय, मोरसानं बोलतो.” त्यांनीं दाखविलेल्या जागीं गवत बाजूस केलें तों खेंकड्यांचीं बिळें बांधाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेलीं होतीं.

पाखरांचीही अशीच साक्ष मिळते. भरलेल्या गोड्या खाचरांत बगळे, ढोकरी व कांहीं तुताऱ्या असणें साहजिक आहे. परंतु सर्व शेतें सुकलीं असतां एकाच खाचरांत चिखल ओला राहून तेथें टिलवे व चिखल्या दररोज उतरूं लागले, तर त्या पाण्याची चव घेऊन पाहावी. तें खारट लागल्यास उघाडीचें दार नीट बसत नाहीं किंवा बांध गळतो, यांपैकीं एक असावें.

सर्वांत गंभीर इशारा म्हणजे खाचरांत उगवलेलें तिवराचें रोप. त्याचें बी भरतीच्या पाण्यावर तरंगत येतें. म्हणून तें रुजलें याचा अर्थ समुद्राचें पाणी तेथें येऊन थांबूं लागलें आहे. याकडे चार-पांच वर्षें दुर्लक्ष झालें तर शेताचें कांदळवन होतें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ च्या आदेशानें व २०१८ च्या अंतिम निकालानें कांदळवनाची तोड राज्यभर बंद केली आहे, आणि ही बंदी जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाहीं. म्हणजे सातबारा आपल्या नांवाचा राहिला तरी नांगर पुन्हां घालतां येत नाहीं. न्यायालयाचें करणें योग्यच आहे, कारण बाहेरील तिवर तुटले तर आंतील हजारों एकर शेती उघडी पडेल. आपण करावयाचें तें तिवराचें वन होण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या हिंवाळ्यांतच. तेंच बांधाच्या बाहेर जपावें. आंत त्याला येण्याचें कारणच पडूं नये.

उपाय सर्वांस माहीत आहेत, फक्त वेळेवर व्हावे लागतात. बिळें खणून चिकण मातीनें ठांसणें, उघाडीचें दार दुरुस्त करणें, हीं कामें माघ-फाल्गुनांत उरकावीं. पहिल्या पावसाचें पाणी खाचरांत कोंडून ओहोटीस सोडून द्यावें व पुन्हां कोंडावें, म्हणजे खार धुतला जातो. माती तपासून घ्यावी. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त समजतात. अशा जमिनींत पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रांतून आलेल्या पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या भाताच्या जाती इतरांपेक्षां तग धरितात.

शत्रु कोण, मित्र कोण

पाखरें म्हणजे सर्व शेतकऱ्याचीं मित्र, असें आमचें म्हणणें नाहीं. मनोल्या व सुगरण भात खातात, आणि भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात, हें खोटें कसें म्हणावें? परंतु त्याच भोरड्या टोळ व नाकतोडेही फस्त करितात. हिंवाळ्यांत शेतांत शेंपूट हलवीत फिरणारा धोबी दिवसभर किडे टिपतो. बांधावरून सावकाश तरंगत जाणारा दलदली भोवत्या आणि तारेवर बसणारी कापशी घार या दोघांची नजर उंदरांवर असते. रात्रीं तेंच काम घुबड करितें. उंदीर पीक खातो व बांधही पोखरतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे घुबड उठवून लावणें किती महाग पडतें तें कळेल.

पाहण्यास मोठीं साधनें लागतात असेंही नाहीं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीं १९३० सालीं याच तालुक्यांतील किहीम येथें राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. एक नर अनेक घरटीं विणून एकाहून अधिक माद्यांचा संसार मांडतो, हें त्यांनीं तेथें धीरानें बसून पाहिलें. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघालें, तेव्हांपासून सामान्य मनुष्यासही पाखरें ओळखणें सोपें झालें आहे. मराठी नांवांसाठीं श्री. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला, तो चितमपल्ली व सालिम अली या दोघांच्या जन्मदिवसांस धरूनच.

टांचण ठेवावें

शेवटीं एक सूचना आमच्या नोकरींतील अनुभवावरून करितों. पंचनाम्याच्या वेळीं शेतकरी सांगतो, “पाणी आलें होतें.” केव्हां आलें, कोणत्या बाजूनें आलें, किती दिवस राहिलें, हें विचारलें असतां उत्तर मिळत नाहीं, आणि जें कागदावर नाहीं त्याची भरपाई कागदावर येत नाहीं. २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची पद्धत सुरू झाली आहे. ज्याच्या हातांत तें यंत्र आहे त्यास धाप्याचें किंवा तिवराच्या रोपाचें छायाचित्र घेणें जड नाहीं. एक साधी वही करावी. तींत तारीख, तिथि, गट नंबर, बांधाची बाजू, दिसलेलीं झाडें, दिसलीं तीं पाखरें व त्यांची अंदाजी संख्या, आणि पाण्याची चव एवढे रकाने पुरेत. अशी दोन-तीन हिंवाळ्यांची वही जोडून खार जमिनीच्या कचेरींत अर्ज दिला, तर त्यास नुसत्या तक्रारीहून अधिक वजन येतें, हें आम्हीं टेबलाच्या पलीकडील बाजूस बसून पाहिलेलें आहे.

येत्या हिंवाळ्यांत खाडीकांठच्या प्रत्येक गांवीं दोघां-चौघांनीं तरी महिन्यांतून दोनदां बांधावरून चालत जावें, आणि बरोबर घरांतील मुलांस न्यावें. मुलांस पाखरें आधीं दिसतात व वडील माणसांस झाडें. दोघे मिळून पाहणी पुरी होते. ज्यांस एखादें झाड किंवा पांखरूं ओळखतां आलें नाहीं त्यांनीं त्याचें वर्णन या मासिकाकडे धाडावें, म्हणजे जाणत्या वाचकांकडून उत्तर मिळविण्याची तजवीज करितां येईल.